तीन एकर आणि दोनशे सहा तास

पत्र

कॅप्टन काका, मी आर्णी तालुक्यातल्या एका गावची. वय २५. आमचं सात एकर वावर होतं. त्यातलं चार एकर विकून आणि वर बँकेचं कर्ज काढून मी सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) केलं. उड्डाणाचे एकूण २०६ तास झाले, त्यात मल्टी-इंजिनचे १६. लायसन्स हातात येऊन सोळा महिने झाले. दोन विमान कंपन्यांच्या निवडीला बसले. एकीत लेखीतच गेले, दुसरीनं पुढे काही कळवलंच नाही. आयआरची (इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना यंत्रांवर उडवायची मुभा) मुदत गेल्या महिन्यात संपली. आता नागपूरचा एक जण म्हणतो, बावीस लाखांत परदेशातून एअरबस ए-३२०चं टाइप रेटिंग करून देतो, नोकरी पक्की. बाबा पोळा झाला की उरलेल्या तीन एकरांचा इसार घेणार आहेत. आई म्हणते, बीएड कर, शाळेत लाग. दादाचं लग्न माझ्यापायी थांबलंय. गावात रोज कोणी तरी विचारतं, ‘काय वं बाई, इमान भेटलं नाई का अजून?’ मी काय करू? नाव छापू नका.

उत्तर

पोरी, पोळा तीन आठवड्यांवर आला आहे म्हणून तुझं पत्र रांगेतून वर काढलं. इसार घेऊ देऊ नकोस. बाकीचं उत्तर सवडीनं वाच, पण एवढं आज रात्री जेवताना बाबांना वाचून दाखव: कंपनीचं लेखी पत्र हातात नसताना टाइप रेटिंगसाठी वावर विकायचं नाही.

बाबांना हे पटेल अशा भाषेत सांगतो. टाइप रेटिंग म्हणजे एका विशिष्ट जातीचं विमान चालवायची मुभा. ती नोकरीआधी विकत घेणं हे एकाही गावात कापणीचं काम ठरलेलं नसताना कर्जानं हार्वेस्टर काढण्यासारखं आहे. हार्वेस्टर निदान विकता तरी येतो. रेटिंग विकता येत नाही, आणि ते नासतं. काही महिने त्या विमानावर हात पडला नाही की ते चालू स्थितीत राहत नाही. मग पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा चाचणी, पुन्हा पैसे. आणि रेटिंग घेऊन आलीस तरी कंपनी तुला थेट खुर्चीत बसवत नाही. त्यांच्या पद्धतीचं प्रशिक्षण होतं, नंतर प्रवासी असलेल्या विमानात प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून कित्येक फेऱ्या कराव्या लागतात. तो भाग कंपनीबाहेरचं कुणी देत नाही. नागपूरचा तुझा माणूस तर नाहीच नाही.

शिवाय जात कोणती घ्यायची? अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ पासून अलायन्स एअरचं विमान मुंबईहून येतं, ते एटीआर-७२. अकासाकडे बोइंग ७३७. स्टार एअरकडे एम्ब्रायर. इंडिगोकडे ए-३२०ची जात आहे आणि एटीआरही. तू ए-३२० घेऊन बसलीस आणि पहिली हाक एटीआरवाल्यानं दिली, तर बावीस लाखांचा तो कागद तुझ्या फायलीत शोभेला.

उलट बाजूही सांगतो, नाही तर कोणी तरी पत्र पाठवून माझे कान धरेल. ‘रेटिंग असलेल्यांनीच अर्ज करावेत’ अशा जाहिराती येतात, आणि स्वतःच्या पैशानं रेटिंग करून त्या दारातून आत गेलेली मुलं मला माहीत आहेत. जुगार लागतोही कधी. पण ती ज्यांची मुलं होती, त्यांचा डाव हरला असता तर त्यांच्या घरचा एखादा फ्लॅट गेला असता. तुमच्याकडे डाव हरला तर बाबा पुढच्या मृगात दुसऱ्याच्या धुऱ्यावर उभे राहतील. दोन्हींना एकच सल्ला देणारा माणूस एक तर एजंट असतो किंवा त्याला शेतीतलं कळत नाही.

आता त्या माणसाबद्दल. त्याला शिव्या घालू नकोस, तीन गोष्टी विचार. रेटिंग कोणत्या संस्थेत होणार आणि ती डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे का? यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते, तिथे स्वतः बघायची, त्यानं पाठवलेल्या पीडीएफवर नाही. दुसरं, पैसे कुणाच्या खात्यात जाणार, संस्थेच्या की त्याच्या? तिसरं, नोकरी पक्की म्हणतोस तर कंपनीचं नाव, पद आणि ‘नोकरी न लागल्यास इतके पैसे इतक्या दिवसांत परत’ हे स्टॅम्प पेपरवर लिहून देतोस का? तिसऱ्या प्रश्नाला तो बहुधा चहा मागवेल. विमान कंपन्या वैमानिक निवडतात ते त्यांच्या स्वतःच्या परीक्षेनं, सिम्युलेटरनं आणि मुलाखतीनं. मधल्या माणसाकडे खुर्च्यांचा कोटा नसतो.

तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या मनात हा प्रश्न असणारच: पेपरात रोज ‘देशात वैमानिकांचा तुटवडा’ छापून येतं, मग मी घरी का? दोन्ही खरं आहे. एअर इंडियानं २०२३च्या फेब्रुवारीत ४७० विमानं मागवली, इंडिगोनं त्याच वर्षी जूनमध्ये ५००. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण तेवढी माणसं नव्हती. पण कोणती माणसं नव्हती? कॅप्टन, आणि रेटिंग होऊन लाइनवर, म्हणजे प्रवासी फेऱ्यांसाठी, तयार असलेले फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक). दोनशे तासांच्या मुलांची कमी कुणालाच नव्हती. २०२३ या एका वर्षात डीजीसीएनं १,६२२ सीपीएल दिली. तू त्या मोठ्या पिकातली आहेस.

मधला अडसर आहे तो प्रशिक्षक कॅप्टनचा आणि सिम्युलेटरच्या वेळेचा. जिनिंगच्या दारात कापसाच्या दोनशे गाड्या उभ्या असाव्यात आणि काटा एकच चालू असावा, तसं. कापूस वाईट नाही, गिऱ्हाईकही आहे, पण काटा एका वेळी एकच गाडी घेतो. कंपनीची गरज वाढली की काटे एकदम वाढत नाहीत. भरती अशी तुकड्यांनी होते. सहा महिने शुकशुकाट, मग एके दिवशी जाहिरात आणि दहा दिवसांत परीक्षा. रांगेत तुझ्यापुढे कोण असतं, तेही बघ. कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजनेतली, म्हणजे त्यांनीच आधी निवडून शिकायला घातलेली मुलं आधी. आणि एखादी कंपनी बुडाली, जशी किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली, की तिथले हजारो तासांचे लोक बाजारात येतात आणि नवख्यांची रांग वर्षभर मागे सरकते. सोळा महिन्यांत तू नालायक ठरलेली नाहीस. सोळा महिने ही या धंद्यात अजून लाजायची गोष्ट नाही.

लाजायची गोष्ट दुसरी आहे, आणि तिथे मला तुझा राग आला. आयआर संपू दिलंस.

माझी गोष्ट ऐक. नव्वदीच्या दशकात सीपीएल करून मी हिंगणघाटला घरी बसलो होतो. दोन वर्षं दहावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवलं. पैसे वाचवायचे म्हणून इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं नूतनीकरण ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत ढकलत राहिलो. एका गुरुवारी शेजारच्या किराणा दुकानात माझ्या नावानं ट्रंककॉल आला. एका छोट्या कंपनीचा को-पायलट आजारी पडला होता, सोमवारी दिल्लीत हजर होऊ शकता का? हो म्हणालो. पुढचा प्रश्न होता, आयआर कधीपर्यंत आहे? मी खरं सांगितलं. ते म्हणाले, बरं, कळवतो. ती खुर्ची माझ्याच बॅचच्या एकाला मिळाली. तो माझ्याहून चांगला उडवत नव्हता, त्याचा कागद चालू होता इतकंच. नंतर अकरा महिने मी गणित शिकवलं. त्या अकरा महिन्यांचा दोष मी त्या कंपनीला कधीच दिला नाही.

म्हणून पैसे कुठे घालायचे हे विचारशील तर क्रम असा: पहिलं क्लास वन मेडिकल, त्याची मुदत तुझ्या वयाला बारा महिने. दुसरं आयआर, तेही बारा महिन्यांचं. तिसरं, अधूनमधून थोडं का होईना प्रत्यक्ष उड्डाण, म्हणजे हात गंजत नाही आणि मुलाखतीत ‘शेवटचं कधी उडवलं?’ या प्रश्नाला मान खाली जात नाही. या तिन्हींचा वर्षाचा खर्च बावीस लाखांच्या एका कोपऱ्यात मावतो. तेवढ्यासाठी तूर विकली, सोनं गहाण टाकलं, तर मी विरोध करणार नाही. आयआर मात्र याच महिन्यात कर.

आता मुख्य रस्ता, म्हणजे मी स्वतः ज्यानं गेलो तो. विमान शिकवायला लाग.

असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग, आपण एएफआयआर म्हणतो, हे ताज्या सीपीएलवाल्याला घेता येतं. त्याचाही कोर्स आहे, चाचणी आहे, पैसेही लागतात, पण टाइप रेटिंगच्या मानानं बरेच कमी. आणि मोठा फरक हा, की इथे तास वाढतात आणि पगार मिळतो. पगार थोडा असतो, आधीच सांगून ठेवतो. पण वर्ष-दीड वर्षात तुझ्या लॉगबुकातला आकडा दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, आणि ते तास पायलट-इन-कमांडचे असतात. असिस्टंट असताना तू सीनियर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवतेस, विद्यार्थ्याला पहिल्या सोलोला सोडायचा निर्णय तुझा नसतो. ते चांगलंच आहे. दुसऱ्याचं पोर एकटं वर सोडायची जबाबदारी दोनशे सहा तासांत झेपत नाही.

शिकवण्यात जे मिळतं ते पुस्तकात नाही. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा दुपारी सेसना धावपट्टी खात जाते आणि चढता चढत नाही. हवा पातळ झालेली असते, हे तू वाचलं आहेस. पण घाबरलेला विद्यार्थी त्याच वेळी नाक वर खेचायला लागतो, ते तुला बाजूच्या खुर्चीतून त्याच्या हाताच्या स्नायूवरून ओळखावं लागतं. म्हणून उन्हाळ्यात शिकवणारे पहाटे साडेपाचला धावपट्टीवर असतात आणि दहा-साडेदहाला विमानं आत. ज्याला वावराची सवय आहे, त्याला हे वेळापत्रक नवीन नाही. दिवसातून तीस वेळा दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करणाऱ्याला मुलाखतीत कोणी ‘स्टॉल रिकव्हरी (उचल गेलेलं विमान सावरणं) सांगा’ म्हटलं तर त्याला घोकावं लागत नाही.

जागा कुठे? गोंदियाच्या बिरसीला भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि सीएई यांची राष्ट्रीय संस्था आहे. नागपूरचा फ्लाइंग क्लब आहे. पलीकडे धुळे, बारामती. बेलोऱ्याला एअर इंडियाच्या शाळेचा आराखडा २०२४ मध्ये जाहीर झाला: ३४ विमानं, वर्षाला १८० वैमानिक. गावातले लोक ही बातमी ‘आता तुमच्या पोरीला तिथंच नोकरी’ अशी वाचतील. तू दोन्हीकडून वाच. दरवर्षी ती १८० मुलं तुझ्या रांगेत येणार आहेत, आणि तीही कंपनीच्याच दारातून. पण १८० मुलांना शिकवायला प्रशिक्षक लागतात, आणि प्रशिक्षक हे एअरलाइनला पळून जाणारं पीक आहे. प्रत्येक शाळेत दर वर्षी कोणी तरी जातं. ईमेल टाकून उत्तराची वाट बघू नकोस. फाइल घे, एसटीत बस, चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरला भेट. कोर्सला पैसे भरण्याआधी त्याला सरळ विचार: ‘सर, रेटिंग केलं तर तुमच्याकडे जागा आहे का, आणि पहिल्या सहा महिन्यांत साधारण किती तास मिळतील?’ काही शाळा आपल्याच माणसाला कोर्स करवून ठेवून घेतात. जिथे ‘आधी कोर्स करा, मग बघू’ असं म्हणतात, तिथे पैसे भरायची घाई करू नकोस.

एक इशारा इथेच. ‘तास वाढवून देतो, उडायची गरज नाही’ म्हणणारा कोणी भेटेल. आमच्यात त्याला पार्कर पेनचे तास म्हणतात: विमान हँगरमध्ये, पेन हवेत. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिका आणि फुगवलेले तास यांचं प्रकरण बाहेर आलं, अटका झाल्या, लायसन्सं गेली. तुझे दोनशे सहा तास खरे आहेत ना? मग ते दोनशे सहाच राहू देत.

बाकीचे दरवाजे चटकन सांगतो. चार्टर आणि एअर अँब्युलन्सवाले किंग एअरसारख्या विमानांवर को-पायलट घेतात, पण त्यांची विमा कंपनी तासांची अट घालते आणि दोनशेवर बहुतेक ठिकाणी दार बंद असतं. ओळख असेल तर विचार, भरवसा ठेवू नकोस. इंडियावन एअरसारखी कंपनी नऊ आसनी सेसना कॅराव्हॅन ओडिशा-झारखंडकडे उडवते. असल्या लहान कंपन्यांच्या भरतीच्या पानावर दर सोमवारी नजर टाक. विमानतळ प्राधिकरणातली एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रकाची) नोकरी उत्तम आहे, पण तिला भौतिकशास्त्र-गणितासह बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग लागतं. तू बारावीनंतर सरळ सीपीएलला गेलीस का, ते लिहिलं नाहीस. गेली असशील तर मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवी सुरू कर. एटीसीसाठी नाही, स्वतःसाठी. मेडिकल ही अशी गोष्ट आहे, की एका कानाच्या पडद्यानं सगळं थांबू शकतं.

लेखी परीक्षेत गेलीस, ते मला निवड न होण्याहून जास्त खुपलं. कारण तेवढंच पूर्णपणे तुझ्या हातात होतं. सोळा महिन्यांत सीपीएलचे विषय विसरले जातात. नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन, टेक्निकल पुन्हा पहिल्यापासून, रोज तीन तास, जसं दहावीला बसायचीस तसं. जमलं तर एटीपीएलचे, म्हणजे सीपीएलच्या वरच्या लायसन्सचे, पेपर आत्ताच देऊन टाक. ते लायसन्स १,५०० तासांशिवाय मिळत नाही, पण पेपर आधी देता येतात, आणि फायलीत ते दिसले की समोरचा समजतो, ही पोरगी घरी नुसती बसली नव्हती. मुलाखतीच्या पॅनेलपुढच्या इंग्रजीची भीती वाटत असेल तर ऐक, आपल्या भागातल्या पोरांची खरी अडचण व्याकरणाची नसते. आपण उत्तर देतो आणि गप्प होतो, कारण जास्त बोलणं आगाऊपणा असं घरात शिकवलेलं असतं. मोबाइलवर स्वतःचा आवाज भरून ऐक. एक प्रश्न, दोन मिनिटांचं उत्तर, रोज. ‘तुमच्या वडिलांचा व्यवसाय?’ असं विचारलं तर पुटपुटू नकोस. पावसाचा अंदाज घेऊन पेरणी लांबवायची की नाही हा निर्णय तुझ्या घरात दर जूनला होतो. त्या खोलीतल्या अर्ध्या लोकांनी तसला निर्णय कधी घेतलेला नसतो.

आता एक किरकोळ वाटणारी गोष्ट, जिच्यापायी मी दोन मुलांच्या जागा जाताना पाहिल्या आहेत. नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम वेगळा, पासपोर्टवर वडिलांचं नाव गाळलेलं, लायसन्सवर स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ जास्त. नियुक्तीच्या वेळी पार्श्वभूमी तपासणी होते, विमानतळाचा पास निघतो, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी होते. तुझं बोर्ड अमरावती विभागाचं. ही पडताळणी, राजपत्रातला नावबदल, पासपोर्टची दुरुस्ती, पोलीस पाटलापासून ठाण्यापर्यंतचे कागद यात महिने जातात, आणि कंपनी दहा दिवस देते. सगळे कागद जमिनीवर मांडून आजच नावं जुळवून बघ. एक अक्षर वेगळं दिसलं तरी कामाला लाग.

कर्जाचं. अभ्यासक्रमानंतरची सवलतीची मुदत बहुधा संपली असेल किंवा संपत आली असेल. हप्ता थकायच्या आधी बँकेत जा, बाबांना एकट्याला पाठवू नकोस. मुदत वाढवून, हप्ता लहान करून मागता येतो. थकल्यानंतर गेलीस तर तोच साहेब वेगळ्या खुर्चीत बसलेला असतो.

मधल्या काळात कमाई हवीच. बीएडला मी हसणार नाही, मी स्वतः गणितावर जगलो आहे, पण बीएड दोन वर्षं खातं आणि त्या दोन वर्षांत तुला कुठून हाक आली तर तू दोन्हीकडे अर्धी. त्यापेक्षा आर्णी किंवा यवतमाळच्या एखाद्या शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र-गणित शिकव, ते कधीही सोडता येतं. दुसरं म्हणजे ड्रोन. हसू नकोस. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार दहावी पास आणि अठरा वर्षं पूर्ण असलेल्याला मान्यताप्राप्त संस्थेतून प्रमाणपत्र घेता येतं, आणि नमो ड्रोन दीदी योजनेनं बचत गटांच्या हातात फवारणीचे ड्रोन दिले आहेत. तुमच्या तालुक्यातल्या गटाला हवा, वाऱ्याचा वेग आणि बॅटरी यांचं गणित कळणारं माणूस हवंच असेल. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरलेली वीसेक माणसं विषबाधेनं गेली. ती आठवण तुझ्या गावालाही असेल. त्या पंपाची जागा घेणारं यंत्र चालवणं हे वैमानिकाला कमीपणाचं काम नाही. फक्त ड्रोनचे तास लॉगबुकात चढत नाहीत, तेवढं लक्षात ठेव.

गावाचं काय करायचं? ‘इमान भेटलं नाई का’ म्हणणाऱ्या बाईला राग नसतो, तिला खरंच कळत नाही. तिच्या लेखी लायसन्स म्हणजे विमान मिळालंच पाहिजे, जसं ट्रॅक्टरचं कर्ज मंजूर झालं की ट्रॅक्टर दारात येतो. एकदा पारावर बसून सांग की दोनशे तास हे बीज आहे, पीक नाही. एवढ्यानं महिनाभर तरी प्रश्न थांबतात. ‘पोरीच्या जातीला कोण विमान देतं’ म्हणणाऱ्याचं मात्र ऐकूनही घेऊ नकोस. इंडियन एअरलाइन्सनं दुर्बा बॅनर्जींना १९६६ मध्ये घेतलं, आणि १९८५ मध्ये सौदामिनी देशमुखांनी कॅप्टन म्हणून फक्त बायकांच्या चमूसह विमान नेलं. तो वाद तुझ्या जन्माआधी संपला आहे.

दादाशी मात्र तू स्वतः बोल. त्याचं लग्न थांबलं आहे हे तू एका ओळीत लिहिलंस आणि लगेच गावाकडे वळलीस. ती ओळ मी दोनदा वाचली. तीन एकर त्याचंही आहे. सातबाऱ्यावर काय आहे ते बघ. आणि ते वाचवायचं ठरवलंस, तर ते तू त्याला तुझ्या तोंडानं सांग, बाबांकडून कळू देऊ नकोस. उद्या एखाद्या कंपनीनं निवड करून ‘रेटिंगचा खर्च तुमचा’ असं लेखी दिलं, तर मी तुला हेच उत्तर उलटं करून लिहीन. तेव्हा तारण ठेवायला ते वावर असलेलं बरं. बँक त्या पत्रावर आणि वावरावर कर्ज देऊ शकते, मग ते विकावं लागत नाही. बाँड किती वर्षांचा आणि मध्येच सोडल्यास किती भरायचे, ते सही करण्याआधी मला पाठव.

एक राहिलं. पत्रात तास दिलेस, वय दिलंस, आयआरची तारीख दिलीस. मेडिकलची तारीख कुठेच नाही. हे पान खाली ठेव आणि आधी ती बघून ये.